तयारी महाराष्ट्राच्या भरतीची, परीक्षा कर्नाटकाची

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील अनेक मराठी मुलामुलींना पोलीस दलात जायचे असते. त्यासाठी ती पहाटे उठून पळतात, गोळाफेक आणि लांब उडीचा सराव करतात, आणि तरीही कर्नाटक पोलिसांची निवड यादी लागली की गावोगावच्या घरांत निराशाच येते. कारण विचारले तर मराठी माणसाला इथे कोण घेणार, हे एकच उत्तर मिळते. भाषेमुळे होणाऱ्या अडवणुकीच्या तक्रारी खोट्या आहेत, असे मी म्हणणार नाही. मात्र मराठी माध्यमाच्या शाळेत सारी नोकरी केल्यावर, आणि निवृत्तीनंतरही खानापूर तालुक्यातील एका अभ्यासिकेत या मुलांसोबत बसत असल्याने, माझे मत असे झाले आहे की आपली बहुतांश मुले त्या अडवणुकीपर्यंत पोचतच नाहीत. ती आधीच बाद झालेली असतात, कारण ती महाराष्ट्राच्या भरतीची तयारी करतात आणि कर्नाटकाच्या भरतीला बसतात.

हे कसे घडते ते नीट सांगायला हवे. पोलीस भरतीची मराठीतील बहुतेक मार्गदर्शक पुस्तके, सराव प्रश्नसंच, मोबाईलवरचे व्हिडिओ आणि गडहिंग्लज-कोल्हापूरकडच्या अकादम्यांचे वर्ग महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरती समोर ठेवून तयार झालेले असतात. त्या भरतीत आधी ५० गुणांची मैदानी चाचणी होते आणि तीतून पुढे आलेल्यांची १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली जाते. तेथे मुलाने १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत कापले तर २० पैकी २० गुण मिळतात, वेळ वाढत गेला की गुण उतरत जातात, आणि शंभर मीटर धावणे व गोळाफेक यांचे गुणही अंतिम यादीत धरले जातात. एकेका सेकंदाला तिथे किंमत असल्यामुळे वर्षभर मैदानावर राबणे हा त्या भरतीपुरता शहाणपणाचा मार्ग आहे.

कर्नाटकात नागरी पोलीस शिपायाची भरती नेमकी उलट्या क्रमाने चालते. येथे आधी लेखी परीक्षा होते. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, शंभर गुण, दीड तासाचा वेळ आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुणाची वजावट, असे तिचे स्वरूप आहे. या परीक्षेच्या गुणांवरून जागांच्या पाचपट उमेदवारांनाच पुढे शारीरिक मोजमाप आणि मैदानी चाचणीसाठी बोलावले जाते. मैदानी चाचणीही केवळ पात्रतेपुरती असते. मुलांनी १६०० मीटर साडेसहा मिनिटांत पूर्ण करायचे, लांब उडी ३.८० मीटर किंवा उंच उडी १.२० मीटर मारायची आणि ७.२६ किलोचा गोळा ५.६० मीटर फेकायचा. मुलींनी ४०० मीटर दोन मिनिटांत धावायचे, लांब उडी अडीच मीटर किंवा उंच उडी ०.९० मीटर मारायची आणि ४ किलोचा गोळा पावणेचार मीटर फेकायचा. पाच मिनिटांत पोचणारा मुलगा आणि सव्वासहा मिनिटांत पोचणारा मुलगा यांच्यात ही यंत्रणा काहीही फरक करत नाही; दोघेही सारखेच पात्र ठरतात आणि निवड लेखी गुणांवर होते. आमच्या भागातील तालमीत कसलेली, सैन्य भरतीच्या ओढीने लहानपणापासून पळणारी मुले ही मैदानी अट सहज पूर्ण करतील. ज्या कागदावर खरी निवड होते, त्याचा सराव मात्र त्यांनी जेमतेम महिनाभर केलेला असतो, आणि तोही मराठी व्याकरण, महाराष्ट्राचा भूगोल आणि महाराष्ट्रातील जिल्ह्यांची माहिती पाठ करून.

शारीरिक मोजमापातही असाच घोटाळा होतो. महाराष्ट्रात मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची पुरते, तर कर्नाटकात सर्वसाधारण उमेदवारांसाठी ही अट मुलांना १६८ आणि मुलींना १५७ सेंटिमीटर आहे. त्याशिवाय मुलांची छाती फुगवून ८६ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवण्यातील फरक किमान ५ सेंटिमीटर असावा लागतो. १६६ सेंटिमीटर उंचीचा मुलगा मराठी पुस्तकातील अट वाचून निश्चिंत राहतो, दोन-दोन वर्षे घालवतो आणि अखेरीस मोजपट्टीखाली बाद होतो. पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की मुलाने किंवा मुलीने पोलीस व्हायचे म्हटले की पहिल्याच आठवड्यात भिंतीला उभे करून उंची मोजा. ती कमी भरत असेल, तर त्या वयात दुसरा रस्ता शोधायला वेळ हाताशी असतो.

येथे कोणी म्हणेल, की मग आपल्या मुलांनी महाराष्ट्राचीच भरती द्यावी. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तेथील सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येतो. ही सवलत मोलाची आहे आणि ज्यांनी ती वाट ठरवली आहे त्यांनी तिचा पूर्ण लाभ घ्यावा. पण ती वाट घेतली तर पूर्ण तिचीच तयारी करावी लागेल, आणि इथे राहून इथल्याच ठाण्यात नोकरी करायची असेल तर इथली परीक्षा समजून घ्यावी लागेल. मला वाटणारी काळजी त्या मोठ्या संख्येच्या मुलांची आहे, जी दोन्ही अर्ज भरतात, एकच पुस्तक वाचतात आणि दोन्हीकडून परत येतात.

आता भाषेचा प्रश्न. शिपाई भरतीची प्रश्नपत्रिका कन्नड आणि इंग्रजी अशा दोनच भाषांत छापलेली असते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचे इंग्रजी बहुधा कच्चे असते, आणि कन्नड तो बाजारात, एसटीत, मित्रांमध्ये सहज बोलत असला तरी छापील कन्नड वाचताना अडखळतो. दीड तासात शंभर प्रश्न सोडवायचे म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. त्यातला निम्मा वेळ प्रश्न कळण्यात गेला तर उत्तर माहीत असूनही उपयोग होत नाही, आणि घाईने टिकमार्क केला तर पाव गुण जातो. मला याची सर्वाधिक खंत वाटते, कारण विषय आपल्या मुलांना परका नाही. कर्नाटकाच्या इतिहासात कदंबांची राजवट येते, आणि कदंबांच्या राजधान्यांपैकी एक असलेली हलशी आमच्या खानापूर तालुक्यात आहे. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये जिथे फाशी दिले गेले ते नंदगडही याच तालुक्यात आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले, हे आमच्या मुलांना मराठी चौथी-पाचवीतच कळते. ज्ञान घरचे असून ते कन्नड लिपीत समोर आले की मुलगा गोंधळतो, एवढीच ही अडचण आहे, आणि ती सरावाने दूर होऊ शकते.

या संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला कर्तव्य वाटते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ नंतर केंद्र आणि राज्यांनी जी संरक्षणे मान्य केली, त्यांत राज्याच्या नोकरभरतीसाठी राज्यभाषेचे ज्ञान ही पूर्वअट असू नये आणि त्या भाषेची परीक्षा निवडीनंतर, परिविक्षा काळ (नोकरीचा सुरुवातीचा चाचणी काळ) संपण्याआधी घ्यावी, हे तत्त्व होते. ते तत्त्व व्यवहारात उतरावे, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी आणि संघटनांनी सातत्याने करावी. किमान सीमाभागातील जागांसाठी तरी प्रश्नपत्रिकेत मराठी पर्याय असावा, हे मागण्यात काहीच गैर नाही. पण ती मागणी मान्य होईपर्यंत मुलांचे वय थांबत नाही. २०१७-१८ पासून राज्यातील सर्व शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक झालेले आहे, आणि आमच्या मराठी शाळांतही त्याचा तास असतो. तो तास ओढूनताणून उरकण्याऐवजी आठवी-नववीपासून त्यात कन्नड वृत्तपत्राचे उतारे आणि जुन्या भरती परीक्षांचे प्रश्न मोठ्याने वाचून घेतले, तर मुलाची मराठी कमी होणार नाही आणि परीक्षेची भीती निश्चित कमी होईल. मराठी शाळेवर निष्ठा असणाऱ्या शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे आपल्याकडील बोलीतला फौजदार, व्हायचे असेल तर कोणत्याही शाखेची पदवी लागते आणि तेथे आधी मैदानी चाचणी, मग लेखी असा क्रम आहे. लेखीत दोन पेपर असतात. पहिल्या ५० गुणांच्या पेपरात निबंध, सारांशलेखन आणि कन्नड-इंग्रजी भाषांतर असते, तर दुसरा १५० गुणांचा पेपर वस्तुनिष्ठ असतो. राणी चन्नम्मा विद्यापीठातून मराठीत किंवा वाणिज्य शाखेत पदवी घेतलेली आपली हुशार मुले दुसऱ्या पेपरात टिकतात आणि भाषांतराच्या २० गुणांत मागे पडतात. भाषांतराचा सराव घरी एकट्याने होत नाही. त्यासाठी तपासून देणारा माणूस हवा, आणि निवृत्त कन्नड शिक्षक आपल्या प्रत्येक मोठ्या गावात आहेत. त्यांना कोणी सन्मानाने विचारलेच नाही, असा माझा अनुभव आहे.

कागदपत्रांबाबतही बरेच अज्ञान आहे. पहिली ते दहावीचे शिक्षण ग्रामीण भागातील शाळेत झालेल्या उमेदवारांसाठी कर्नाटकात २५ टक्के जागा राखीव असतात. कन्नड माध्यमासाठीची ५ टक्क्यांची तरतूद आपल्या मुलांना लागू होत नाही हे खरे, पण ग्रामीण राखीव जागांना माध्यमाची अट नाही. येळ्ळूर, कडोली, उचगाव, जांबोटी, कणकुंबी अशा गावांतील मराठी शाळांत दहावीपर्यंत शिकलेला मुलगा त्यासाठी अर्ज करू शकतो, मात्र मुख्याध्यापकांनी भरून दिलेले आणि क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांनी प्रतिस्वाक्षरी केलेले विहित नमुन्यातील प्रमाणपत्र त्याच्याजवळ हवे. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात येतो; त्याचे प्रमाणपत्र नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, वेळेत काढले नाही तर उमेदवार सर्वसाधारण गटात मोजला जातो आणि वयोमर्यादेची सवलतही गमावतो. गेल्या भरत्यांत नागरी शिपायासाठी सर्वसाधारण उमेदवारांना २५ आणि मागास प्रवर्गांना २७ वर्षे ही मर्यादा होती. ही दोन वर्षे किती महत्त्वाची आहेत, हे ज्याचा अर्ज वयामुळे फेटाळला गेला त्यालाच कळते.

वयाचा विषय निघाला म्हणून सरकारलाही काही सांगणे भाग आहे. सशस्त्र शिपाई पदासाठी २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अर्ज घेतले गेले आणि लेखी परीक्षा २८ जानेवारी २०२४ रोजी झाली. उपनिरीक्षकांच्या ५४५ जागांची परीक्षा ३ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली, उत्तरपत्रिकांतील फेरफार आणि ब्लूटूथचा गैरवापर उघड झाल्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये ती रद्द करावी लागली, भरती विभागाचे प्रमुख राहिलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाच अटक झाली, आणि फेरपरीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत २३ जानेवारी २०२४ रोजी घेण्यात आली. म्हणजे प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांची दोन वर्षांहून अधिक वर्षे इतरांच्या गुन्ह्यापायी वाया गेली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणाचा निर्णय होईपर्यंत नव्या भरतीच्या अधिसूचनाच थांबवण्यात आल्या. अंतर्गत आरक्षणाचा प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र अशा प्रत्येक विलंबानंतर वयाची सूट मागण्यासाठी मुलांना रस्त्यावर उतरावे लागू नये. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात अधिसूचना, परीक्षा आणि निकाल होतील असे वेळापत्रक सरकारने जाहीर करावे. अनिश्चिततेचा सर्वाधिक फायदा दलालांना होतो. उपनिरीक्षक भरतीच्या प्रकरणानंतरही पैसे भरून जागा मिळवून देतो असे सांगणारे लोक गावागावांत फिरतात, आणि शेत गहाण टाकायला निघालेल्या बापाला अडवायचे कोणी, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

आणखी एक नाजूक पण अत्यंत महत्त्वाची बाब आहे. निवड झाल्यावर उमेदवाराच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची पडताळणी होते. सीमाभागात १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेऱ्यांमध्ये, मोर्च्यांमध्ये सामील झालेल्या तरुणांवर गुन्हे नोंदवले जातात आणि ते वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. असा गुन्हा असलेला मुलगा घाबरून अर्जात ‘नाही’ लिहितो, आणि तिथेच त्याचे नुकसान होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात या विषयाचा सविस्तर विचार केला आहे. खरी माहिती दिली असेल तर गुन्ह्याचे स्वरूप पाहून नियोक्ता निर्णय घेऊ शकतो, क्षुल्लक प्रकरणाकडे दुर्लक्षही करू शकतो. माहिती दडवणे मात्र स्वतंत्रपणे उमेदवारी रद्द होण्याचे कारण ठरू शकते. म्हणून जे असेल ते लिहावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. लढ्याबद्दल मला नितांत आदर आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल आपल्या बाजूने लागावा ही माझीही इच्छा आहे. तरीही नेत्यांना मी आदरपूर्वक सांगेन, की मोर्च्याच्या पहिल्या रांगेत आपण ज्येष्ठांनी उभे राहावे आणि भरतीच्या वयातील मुलांना मागे ठेवावे.

काहीजण विचारतात, की कर्नाटकाच्या पोलीस दलात जाण्याचा एवढा अट्टहास कशाला? त्याचे उत्तर आपल्या ठाण्यांत मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याने फिर्याद नोंदवून घ्यावी लागते, तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती फिर्यादीला वाचून दाखवावी लागते आणि नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. महाराष्ट्रात चंदगडच्या बाजूला लुबाडल्या गेलेल्या बेळगावच्या माणसालाही त्यामुळे इथल्या ठाण्यात दाद मागता येते. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यातील म्हातारी आपल्या शेळ्या चोरीला गेल्याची हकिकत मराठीत सांगते, समोरचा शिपाई ती कन्नडमध्ये लिहितो आणि कन्नडमध्येच वाचून दाखवतो, तेव्हा कायद्याने दिलेले संरक्षण तिच्यापर्यंत पोचत नाही. ती ऐकते, मान हलवते आणि अंगठा उठवते. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘मने मनेगे पोलीस’ ही घरोघरी पोलीस पोचवण्याची योजना सुरू केली, तिचा हेतू चांगला आहे. दारात आलेल्या पोलिसाशी त्या म्हातारीला मन मोकळे करता यावे, एवढी तरी सोय त्या योजनेत व्हावी.

यासाठी प्रशिक्षणाकडे लक्ष द्यायला हवे. उपनिरीक्षकांचे प्रशिक्षण म्हैसूरच्या कर्नाटक पोलीस अकादमीत होते, तर शिपायांसाठी राज्यात अनेक प्रशिक्षण विद्यालये आहेत आणि त्यांपैकी एक आमच्या खानापुरात आहे. तेथे कवायत, शस्त्रे, जमाव नियंत्रण, नवे फौजदारी कायदे, ठाण्याच्या नोंदवह्या असे बरेच काही शिकवले जाते. शिपायांची भरती जिल्हा किंवा आयुक्तालय या घटकानुसार होत असल्याने बेळगावच्या घटकात कोणत्या मुलांची नेमणूक होणार हे आधीच माहीत असते. त्यांत राज्याच्या इतर भागांतून आलेली, मराठी कधीच न ऐकलेली मुलेही असतात. त्यांना आठवड्यातून काही तास बोली मराठीचे शिक्षण द्यावे, आणि त्यांच्याच तुकडीतील मराठी मुलांना कन्नड मसुदालेखनाचे जादा वर्ग द्यावेत. ही मुले एकाच बरॅकमध्ये राहतात, एकत्र जेवतात. एकमेकांना भाषा शिकवायला त्यांच्याहून योग्य कोणी नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार नागरिकाला दिला आहे, तर ते गाऱ्हाणे समजून घेणारा पोलीस घडवणे हे प्रशिक्षणाचेच काम ठरते.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. महाराष्ट्रातील पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तिचा तपशील मराठी वृत्तपत्रांत ठळकपणे छापून येतो. कर्नाटकाच्या अधिसूचनेची मात्र बहुधा दोन ओळींची बातमी येते. पुढील अधिसूचना निघाल्यावर तिचा संपूर्ण मराठी सारांश, म्हणजे पात्रता, उंची, परीक्षेचा क्रम, लागणारी प्रमाणपत्रे आणि शेवटची तारीख, आपण छापावा, आणि त्या काळात आठवड्यातून एकदा जुन्या प्रश्नपत्रिकेतील दहा प्रश्न कन्नड व मराठी असे शेजारी-शेजारी द्यावेत. प्रश्नांची मराठी करून देण्याचे आणि ती तपासण्याचे काम आमच्या अभ्यासिकेतील शिक्षक विनामोबदला करतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव